सीडीकेला ‘बन’ शिकवताना: लॅम्डावर नवा जावास्क्रिप्ट रनटाइम कसा बसवायचा

एडब्ल्यूएस सीडीकेमध्ये (अॅमेझॉनच्या क्लाउडवर काय चढवायचं ते कोडमध्ये लिहायच्या फ्रेमवर्कमध्ये) नोडचं फंक्शन लॅम्डावर, म्हणजे सर्व्हर न सांभाळता फंक्शन चालवणाऱ्या सेवेवर, चढवणं सोपं आहे. ‘नोडजेएसफंक्शन’ला फाइलचा पत्ता द्यायचा, बंडल करणं, झिप करणं, वर पाठवणं हे सगळं ते बघून घेतं. आता त्यालाच रनटाइम (कोड चालवणारा प्रोग्रॅम) म्हणून ‘प्रोव्हायडेड.एएल२०२३’, म्हणजे ‘रनटाइम माझा मी आणतो’, असं देऊन पाहा. फक्त नोडचे रनटाइम चालतात, असं एका ओळीत सांगून ते तुम्हाला दारातूनच परत पाठवतं. लॅम्डावर बन हा नवा जावास्क्रिप्ट रनटाइम चालवू पाहणाऱ्या अनेकांची पहिली गाडी इथेच अडते.

जावास्क्रिप्ट येतं, लॅम्डावर दोन-चार फंक्शनं चढवून झाली आहेत, पण फ्रेमवर्कच्या पोटात कधी हात घातला नाही, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरण बनचं आणि सीडीकेचं घेतलंय. उद्या डेनो हा दुसरा रनटाइम बसवायचा झाला तरी वाट हीच. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कीबोर्डवर ती अर्थातच रोमन अक्षरांत जातील.

बनची ओळख दोन वाक्यांत: नोड आणि डेनो व्ही८ इंजिनवर चालतात, बन सफारीच्या जावास्क्रिप्टकोअरवर. तो मुख्यतः झिग भाषेत लिहिला गेला, १.० आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली आणि टाइपस्क्रिप्टची फाइल तो थेट चालवतो. (बनमस्क्याचा विनोद आमच्या टीममध्ये करून झालाय, त्यामुळे तो टाळतो.)

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘हॅलो वर्ल्ड’ चाललं म्हणजे रनटाइमची सोय झाली, असं होत नाही. तेवढं एका दुपारी होतं. फंक्शन फुटलं की ते कुठे आणि का फुटलं हे लॉग बघणाऱ्याला कळतंय का, यात खरं काम आहे. माझे सत्तर टक्के तास तिथेच गेले.

आधी शेलमध्ये लिहा

लॅम्डाने २०१८ च्या नोव्हेंबरात कस्टम रनटाइमची दारं उघडली. त्यामागची कल्पना साधी आहे. लॅम्डा तुमच्या झिपमध्ये ‘बूटस्ट्रॅप’ नावाची चालवता येणारी फाइल शोधतो, तिथे नसेल तर लेयरमध्ये (अनेक फंक्शनांनी मिळून वापरायच्या वेगळ्या झिपमध्ये), म्हणजे ‘/ऑप्ट’ फोल्डरमध्ये बघतो. सापडली की चालवतो. त्यानंतर तो तुमच्या कोडला स्वतःहून हाक मारत नाही, तुमच्या प्रोसेसनेच त्याच्याकडे काम मागायचं असतं.

काम मागायचं ते एचटीटीपीवरून. ‘एडब्ल्यूएस_लॅम्डा_रनटाइम_एपीआय’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पत्ता आणि पोर्ट मिळतो. त्या पत्त्यावर ‘२०१८-०६-०१’ या आवृत्तीच्या मार्गाखाली चार जागा आहेत:

‘इन्व्होकेशन/नेक्स्ट’वर गेट केलं की पुढचा इव्हेंट मिळतो.
‘इन्व्होकेशन/<आयडी>/रिस्पॉन्स’वर उत्तर पोस्ट करायचं.
‘इन्व्होकेशन/<आयडी>/एरर’वर चूक कळवायची.
‘इनिट/एरर’वर सुरुवातच फसली तर ते कळवायचं.

आयडी कुठून आणायचा? ‘नेक्स्ट’च्या उत्तरात ‘लॅम्डा-रनटाइम-एडब्ल्यूएस-रिक्वेस्ट-आयडी’ नावाचा हेडर येतो, तो उचलायचा.

बन बाजूला ठेवा आणि हे आधी बॅशमध्ये कर्ल वापरून लिहा. व्हाइल लूप, एक गेट, हेडरमधून आयडी, एक पोस्ट. पंधरा-वीस ओळी होतात. ही पायरी गाळावीशी वाटेल, गाळू नका. एकदा हाताने लिहिलंत की रनटाइम म्हणजे काहीतरी गूढ यंत्र आहे ही भीती जाते. शिवाय पुढे बनमध्ये काही अडलं, तर चूक लॅम्डाकडे आहे की बनकडे, हे ताडून पाहायला हा शेलचा तुकडा कामाला येतो.

आता तोच लूप बनमध्ये

रनटाइमची फाइल टाइपस्क्रिप्टमध्ये लिहा. प्रक्रिया सुरू होताच ‘_हँडलर’ हे व्हेरिएबल वाचायचं. त्यात ‘इंडेक्स.हँडलर’ असा मजकूर असतो: शेवटच्या टिंबाच्या आधी फाइल, नंतर एक्स्पोर्टचं नाव. ‘लॅम्डा_टास्क_रूट’ फोल्डरमधून, म्हणजे ‘/व्हार/टास्क’मधून, ती फाइल इम्पोर्ट करायची आणि त्या नावाचं फंक्शन खरंच आहे का हे तपासायचं.

इम्पोर्ट फसला किंवा ते फंक्शन सापडलं नाही, तर ‘इनिट/एरर’वर नीट कळवून प्रोसेस बंद करायची. नवखे इथे दोन चुका करतात. एक म्हणजे काही न कळवता बाहेर पडणं. मग लॉगमध्ये ‘रनटाइम एक्झिटेड विथ एरर: एक्झिट स्टेटस १’ एवढंच उरतं, त्यावरून काय समजायचं? दुसरी चूक म्हणजे एरर गिळून लूपमध्ये शिरणं. मग प्रत्येक विनंती वेगळ्याच कारणाने पडते आणि मूळ कारण कुठेच दिसत नाही.

लूपमध्ये पहिली अडचण ‘नेक्स्ट’चीच. काम नसेल तर हा गेट कितीही वेळ लटकून राहू शकतो, कारण तेवढा काळ लॅम्डा तुमची अख्खी प्रोसेस गोठवून ठेवतो. म्हणून या विनंतीला टाइमआउट लावायचा नाही. बनच्या फेचला टाइमआउट बंद करण्याचा स्वतःचा पर्याय आहे, तो आठवणीने लावा. तो लावला नाही तर फंक्शन सकाळी छान चालतं, जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलीच विनंती विनाकारण पडते आणि तुम्ही दिवसभर डेटाबेसला दोष देत बसता.

इव्हेंट हाती आला की कॉन्टेक्स्ट बांधा. ‘डेडलाइन-एमएस’ हेडरमधून उरलेला वेळ काढता येतो: डेडलाइन वजा आत्ताची वेळ. फंक्शनचं नाव, आवृत्ती, लॉग ग्रुप हे एन्व्हायर्नमेंटमधून मिळतं. ‘मेमरीलिमिटइनएमबी’ नोडमध्ये आकडा नसून स्ट्रिंग आहे. तुम्हीही स्ट्रिंगच ठेवा, नाहीतर टाइप तपासणाऱ्याकडून नंतर बोलणी खाल. ‘ट्रेस-आयडी’ हेडरची किंमत ‘_एक्स_एएमझेडएन_ट्रेस_आयडी’ व्हेरिएबलमध्ये टाकली की एक्स-रेचं (विनंत्यांचा माग ठेवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सेवेचं) काम झालं.

मग हँडलर बोलवायचा आणि उत्तर पाठवायचं. इथे जरा थांबू, कारण या एका ओळीत तीन खड्डे आहेत.

हँडलरने काहीच परत केलं नाही तर? ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’ला अनडिफाइन्ड दिलं की अनडिफाइन्डच परत येतं, तुमचा फेच रिकामी बॉडी पाठवतो आणि पलीकडचा रिकाम्या मजकुरातून जेसन वाचायला जाऊन आपटतो. नोडचा रनटाइम अशा वेळी ‘नल’ पाठवतो. तुम्हीही तेच करा.

हँडलरने बिगइंट असलेलं ऑब्जेक्ट दिलं तर? स्ट्रिंगिफाय स्वतःच एरर फेकतो. तो ट्रायच्या बाहेर लिहिला असेल तर ही एरर लूपबाहेर जाते आणि रनटाइम कोसळतो, वास्तविक चूक फक्त वापरणाऱ्याच्या उत्तरात होती. स्ट्रिंगिफाय ट्रायच्या आत हवा.

हँडलरने एररऐवजी साधी स्ट्रिंग फेकली तर? तिच्यावर ना मेसेज असतो ना स्टॅक. एरर पाठवताना ‘एररटाइप’, ‘एररमेसेज’ आणि ‘स्टॅकट्रेस’ हे तीन भाग लागतात. फेकलेली वस्तू एरर नसेल तर तिला एररमध्ये गुंडाळून मगच पाठवा.

यानंतर उरतात कुणीच न पकडलेल्या एरर: अवेट न केलेला प्रॉमिस, टायमरमध्ये फुटलेला कोड. ‘अनकॉटएक्सेप्शन’ आणि ‘अनहँडल्डरिजेक्शन’ या दोन्हींवर कान ठेवा, चालू असलेल्या विनंतीच्या आयडीवर एरर कळवा आणि बाहेर पडा. पडलेली प्रोसेस लॅम्डा पुढच्या विनंतीला पुन्हा उभी करतो. अर्धवट बिघडलेली प्रोसेस चालू ठेवण्यापेक्षा हे बरं.

हँडलरचा चेहरा कसा ठेवायचा, हाही प्रश्न येईल. बनच्या जगात ‘फेच’ नावाचं फंक्शन वेबची रिक्वेस्ट घेतं आणि रिस्पॉन्स देतं. नोडच्या लॅम्डात मात्र इव्हेंट आणि कॉन्टेक्स्ट. माझं मत: पहिल्या आवृत्तीत नोडची पद्धत. तुमच्याकडे येणारे लोक बहुतेक जुनं फंक्शन हलवायला येतात, त्यांना हँडलर पुन्हा लिहायला लावू नका. शिवाय एसक्यूएस (संदेशांची रांग) किंवा एस३ (फाइलींचा साठा) चा इव्हेंट वेब रिक्वेस्टच्या साच्यात ओढूनताणूनच बसतो. वेबवाली पद्धत हवीच असेल तर कुकी आणि बेस६४ या दोन गोष्टींसाठी वेगळा वेळ काढून ठेवा.

लेयर बांधणं

आता बनची बायनरी कुठे ठेवायची? दोन मार्ग आहेत. ‘बन बिल्ड’ला ‘कंपाइल’ पर्याय दिला की बन आणि तुमचा कोड मिळून एकच एक्झिक्युटेबल तयार होतं. त्याला ‘बूटस्ट्रॅप’ नाव दिलं की झालं. एकट्या फंक्शनला हे झकास. पण ही बायनरी उघडल्यावर शंभर एमबीच्या आसपास भरते, आणि वीस फंक्शनं असतील तर वीस वेळा तेच ओझं वर जातं. म्हणून फ्रेमवर्कसाठी मी लेयर निवडला: एकदा चढवायचा, सगळ्यांनी वापरायचा. लेयर धरून उघडलेला सगळा ऐवज २५० एमबीच्या आत बसला पाहिजे, तेवढं लक्षात ठेवा. थेट झिप चढवण्यावरची ५० एमबीची मर्यादा इथे आड येत नाही, कारण सीडीके आपली झिप एस३ मार्गे पाठवतं.

लेयरच्या झिपमध्ये तीनच गोष्टी, अगदी वरच्या पातळीवर: ‘बन’ ही बायनरी, बंडल केलेली रनटाइमची फाइल आणि ‘बूटस्ट्रॅप’. बूटस्ट्रॅप म्हणजे दोन ओळींचा शेल: पहिली शेबँग (फाइल कोणत्या शेलने चालवायची ते सांगणारी ओळ), दुसरीत ‘एक्झेक’ लावून बनला रनटाइमची फाइल चालवायला सांगायचं. ‘एक्झेक’ विसरू नका, नाहीतर शेल मध्ये बसून राहतो आणि सिग्नल बनपर्यंत पोचत नाहीत.

आमच्याकडे या दोन ओळींच्या फाइलने एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. माझ्या मशीनवर बांधलेला लेयर चालायचा, सहकाऱ्याने विंडोजवर बांधलेला पडायचा. आधी ‘परमिशन डिनाइड’. झिप करताना फाइलवरचा एक्झिक्युटचा हक्क गळून पडला होता, ७५५ लावून तो परत आणला. मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, आणि फाइल तर डोळ्यांसमोर दिसतेय! गिटने ओळींच्या शेवटी विंडोजची कॅरेज रिटर्न चिकटवली होती, त्यामुळे कर्नल शेबँगमधल्या शेलचं नाव एका अदृश्य अक्षरासकट शोधत होता. त्या दिवसापासून बूटस्ट्रॅपसाठी ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’मध्ये एलएफ (ओळ संपवायची लिनक्सची पद्धत) सक्तीचं आहे आणि लेयर फक्त लिनक्स कंटेनरमध्ये बांधला जातो.

तिसरा नेहमीचा घोळ आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकाराचा. एआरएम६४ च्या फंक्शनला एक्स८६ ची बायनरी लावली की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. एआरएमसाठी एक आणि एक्स८६ साठी एक असे दोन वेगळे लेयर ठेवा आणि निवड वापरणाऱ्यावर सोडू नका, ती फ्रेमवर्कनेच करायची. बायनरी उतरवताना आवृत्ती पक्की करा, ‘लेटेस्ट’ नको. बनच्या प्रत्येक रिलीजसोबत चेकसमची फाइल येते, तिच्याशी ताळा करा.

सीडीकेचा कन्स्ट्रक्ट

कन्स्ट्रक्ट म्हणजे सीडीकेमधला पुन्हा वापरता येणारा तयार तुकडा. ‘नोडजेएसफंक्शन’ आपल्याला उभं करत नाही, म्हणून त्याच्या वरच्या ‘फंक्शन’ या मूळ क्लासवरून ‘बनफंक्शन’ काढायचं. रनटाइम ‘प्रोव्हायडेड.एएल२०२३’, आर्किटेक्चर प्रॉप्समधून, लेयर त्या आर्किटेक्चरचा, हँडलर ‘इंडेक्स.हँडलर’. कोडसाठी ‘कोड.फ्रॉमअॅसेट’, आणि त्यात बंडलिंगचे पर्याय.

बंडलिंगमध्ये सीडीकेची एक छान सोय आहे: ‘ट्रायबंडल’. मशीनवर बन असेल तर हे फंक्शन तिथल्या तिथे ‘बन बिल्ड’ चालवतं आणि ‘ट्रू’ परत करतं. ‘फॉल्स’ दिलं तर सीडीके डॉकरकडे वळतं, तिथे ‘ओव्हन/बन’ ही इमेज द्यायची. स्थानिक बनची आवृत्ती लेयरमधल्या आवृत्तीशी जुळत नसेल तरीही मी ‘फॉल्स’ देतो. थोडा वेळ जातो, पण ‘माझ्याकडे तर चालत होतं’ हे वाक्य ऐकावं लागत नाही.

अॅसेटच्या, म्हणजे वर जाणाऱ्या बंडलच्या, हॅशचा प्रकार ‘आउटपुट’ ठेवा. मूळ फोल्डरवरून हॅश काढलात तर मशीनवरचा बंडलर बदलूनही सीडीकेला काही बदललंय असं वाटत नाही, आणि जुनंच बंडल वर राहतं.

नोडमध्ये फुकट मिळणाऱ्या गोष्टी

नोडच्या लॅम्डात एडब्ल्यूएस एसडीके आधीच बसवलेला असतो. म्हणून ‘नोडजेएसफंक्शन’ बंडल करताना तो वगळतं. कस्टम रनटाइममध्ये तो नाही. जुन्या सेटिंग्ज तशाच आणल्यात तर बंडल एसडीकेविना तयार होतं, आणि मग बनचा एक गुण अवगुण ठरतो: आसपास ‘नोड_मॉड्यूल्स’ नसेल तर तो लागणारं पॅकेज चालता चालता नेटवरून आणायला जातो. स्वतःच्या लॅपटॉपवर ही चैन आहे, लॅम्डात मात्र ‘/टीएमपी’ सोडून कुठेही लिहिता येत नाही आणि व्हीपीसीमधून (खासगी नेटवर्कमधून) बाहेरची वाटही बऱ्याचदा नसते. बूटस्ट्रॅपच्या ओळीत ‘नो-इन्स्टॉल’ लावा, म्हणजे चूक लगेच आणि स्पष्ट दिसेल. आणि एसडीके बंडलमध्ये घ्या.

दुसरी गोष्ट लॉगची. नोडचा रनटाइम प्रत्येक ओळीआधी वेळ आणि रिक्वेस्ट आयडी जोडतो. इथे तुमचं ‘कन्सोल.लॉग’ जसंच्या तसं क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या लॉग सेवेत जातं आणि प्रत्येक ओळ हा स्वतंत्र लॉग होतो. म्हणजे बारा ओळींचा स्टॅकट्रेस बारा तुकड्यांत, आणि गर्दीच्या वेळी शोधून त्यातला एकच तुकडा हाती लागतो. एकदा रात्री अकराला अशा तुकड्यांची जुळवाजुळव केली, की माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कन्सोल बदलतो. प्रत्येक संदेश एका ओळीच्या जेसनमध्ये बांधा, त्यात आयडी घाला.

तपासणी

लॅम्डावर चढवून-चढवून तपासू नका, फार वेळ जातो. रनटाइम एपीआय म्हणजे चार मार्गच ना? मग खोटा एपीआय स्वतः लिहा. ‘बन.सर्व्ह’ने तीस ओळींत होतो: ‘नेक्स्ट’ मागितलं की रांगेतला पुढचा इव्हेंट द्यायचा, बाकी मार्गांवर जे येईल ते नोंदवायचं. मग वरच्या प्रत्येक खड्ड्याची एक चाचणी लिहा: काहीच परत न करणारा हँडलर, बिगइंट, फेकलेली स्ट्रिंग, न पकडलेला प्रॉमिस, चुकीचं हँडलरचं नाव. आणि एक चाचणी अशी, की आधी फुटणारा इव्हेंट आणि लगेच चांगला इव्हेंट. पहिल्याने दुसऱ्याला बुडवता कामा नये.

पुढची पायरी एडब्ल्यूएसच्या ‘प्रोव्हायडेड’ इमेजची. तिच्यात रनटाइम इंटरफेस एम्युलेटर असतो, कंटेनर चालवून कर्लने इव्हेंट पाठवता येतो. हक्क, आर्किटेक्चर, लायब्ररी यांतल्या चुका इथे पकडल्या जातात. सीडीकेच्या बाजूने ‘टेम्प्लेट.फ्रॉमस्टॅक’ वापरून रनटाइम, लेयर आणि आर्किटेक्चर बरोबर उमटतात का, एवढं पाहिलं तरी पुरे.

मगच खऱ्या लॅम्डावर. आम्ही मुंबई रीजनवर, म्हणजे ‘एपी-साउथ-१’वर, चढवतो. तिथे एकच गोष्ट मुद्दाम मोजा: पहिल्या थंड विनंतीला (प्रोसेस नव्याने उभी करावी लागते तेव्हाच्या) लागणारा वेळ. बन वेगवान म्हणून प्रसिद्ध आहे, पण लॅम्डात त्याची मोठी बायनरी लेयरमधून उचलावी लागते, आणि तुमच्या फंक्शनला नोडपेक्षा फायदा होईलच असं नाही. मेमरी १२८ एमबीवर आणि १०२४ एमबीवर, दोन्हीकडे मोजा. आमच्या एका छोट्या फंक्शनला काहीच फायदा दिसला नाही, आणि ते आम्ही निमूटपणे नोडवर परत नेलं.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

कन्स्ट्रक्ट इतरांनी वापरावा असं वाटत असेल तर जेएसआयआयचे (टाइपस्क्रिप्टचा कोड इतर भाषांतून वापरू देणाऱ्या एडब्ल्यूएसच्या साधनाचे) नियम पाळून लिहा, म्हणजे पायथन आणि जावावाल्यांनाही तो मिळेल. एनपीएमवर टाकला की कन्स्ट्रक्ट हबवर, म्हणजे असे कन्स्ट्रक्ट शोधायच्या साइटवर, दिसू शकतो.

रीडमीमध्ये काय चालत नाही, ते वरच लिहा. आमच्या यादीत सध्या आहे: रिस्पॉन्स स्ट्रीमिंग नाही, कॉलबॅक पद्धतीचे हँडलर नाहीत, शार्पसारखं नेटिव्ह पॅकेज असेल तर ते लक्ष्य आर्किटेक्चरच्या लिनक्सवर बांधून आणण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. त्याखाली बनची आवृत्ती आणि ती कोण, कधी बदलणार, हेही. कारण नोडच्या रनटाइमला सुरक्षेची ठिगळं एडब्ल्यूएस लावतं. ‘प्रोव्हायडेड’मध्ये ते फक्त खालच्या अॅमेझॉन लिनक्सचं बघतं, बनची बायनरी बदलायची ती तुम्हीच. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कॅलेंडरवर त्याची आठवण वाजते, आणि ती जिच्या फोनवर वाजते तिचं नाव रीडमीत आहे.